मी एकदाच विचारलं

मी माझ्या सासऱ्यांना एकदाच विचारलं, ही माझी चूक. ती नकळत झालेली नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर ते विचारात पडतील आणि तिसऱ्यांदा विचारलं तर हो म्हणतील, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

सासूबाईंचं तेरावं होऊन गेलं होतं. अमरावतीच्या घरात पुढच्या खोलीत आम्ही दोघंच बसलो होतो. बायको आत भांडी आवरत होती. भांड्यांचा आवाज मध्येच थांबला, तेव्हा ती कान देऊन ऐकते आहे हे मला कळलं. सासरे वीज मंडळातल्या नोकरीतून कधीच निवृत्त झालेले, मुलगी एकुलती एक आणि ती पुण्यात. त्या घरात आता ते एकटे राहणार होते. मी खुर्चीत जरा पुढे सरकून म्हणालो, "बाबा, आता इथे एकटे कशाला राहता? पुण्याला चला आमच्याकडे."

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. "कायले जी जावईबापू, तुमाले तकलीफ. मी तं इथंच बरा."

"बरं," मी म्हणालो. "जशी तुमची इच्छा."

बाबा चष्मा पुसत राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. मग म्हणाले, "चहा टाकाले सांगू?" मी म्हणालो, "नको, आत्ताच झाला." आत पुन्हा भांडी वाजू लागली, आधीपेक्षा जोरात.

मुलीच्या घरी कायमचं राहायला जाणं त्या पिढीच्या माणसाला सोपं नसतं. स्वतः होऊन येतो म्हणणं तर अशक्यच. तिथे जावयाने आग्रह करायचा असतो. सासऱ्याने नको म्हणायचं, जावयाने ऐकायचं नाही. सासऱ्याने पुन्हा नको म्हणायचं, जरा हळू. मग जावयाने बॅग काढून भरायलाच घ्यायची आणि सासऱ्याने गल्लीत सांगायचं, काय करू, जावई ऐकतच नाहीत. एवढं झालं की म्हातारा माणूस मुलीच्या घरी मान वर करून राहू शकतो. तो आधार मागायला आलेला नसतो, त्याला कुणीतरी हट्टाने आणलेलं असतं. यात माझा काय खर्च होता? दोन वाक्यं. मी ती वाचवली.

परतीच्या गाडीत बायकोने विचारलं, "अहो, अजून एकदा विचारायचं होतं ना."

"त्यांनी स्वच्छ नको म्हटलं. मोठ्या माणसाच्या निर्णयाचा मान ठेवायला नको?"

"मान," ती म्हणाली, आणि शाल डोक्यावरून घेऊन झोपली. झोपली नव्हती, पण माझ्यापुरती झोपली.

आम्हा पुण्याच्या लोकांना या एकदाच विचारण्याचा अभिमान असतो. आमच्याकडे तोंडदेखलं काही नसतं, असं आम्ही सांगतो. हवं असेल तर हो म्हणा, नको असेल तर नको म्हणा, उगाच घोळ कशाला. मीही आयुष्यभर याला सरळपणा म्हणत आलो. खरं म्हणजे त्या दिवशी मी सरळ असतो तर म्हणालो असतो, "बाबा, तुम्ही आलात तर माझी गैरसोय होईल." तेवढा सरळपणा माझ्यात नव्हता.

गैरसोय काय होती तेही सांगतो. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधली तिसरी, लहान खोली माझी होती. संध्याकाळी तिथे दार लावून मी ऑनलाइन शिकवण्या घ्यायचो. बाबा आले की ती खोली जाणार. बाबांचा खोकला मोठा, बोलणं मोठं, टीव्ही त्याहून मोठा. आणि एक कारण याहून लाजिरवाणं आहे. आधी कधी आले की ते लिफ्टमध्ये अनोळखी माणसालाही "काय करून राहिले जी?" म्हणून विचारायचे. समोरचे लोक उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसायचे. त्या हसण्याचं बाबांना काही नव्हतं. मला होतं.

माझी आई तिच्या शेवटापर्यंत आमच्याकडे होती. तिला आणताना मी बायकोला एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं. आईचं अंग पुसण्यापासून तिचे टोमणे ऐकण्यापर्यंत सगळं बायकोने केलं, आणि त्या घरात आता तिच्या वडिलांसाठी मात्र एक प्रश्न, तोही एकदाच.

काही आठवड्यांनी अमरावतीहून शेजारच्या काकूंचा फोन आला. बायको पोळ्या लाटत होती, म्हणून तिने फोन स्पीकरवर ठेवला होता. मी टेबलाशी पेपर वाचत होतो.

"काऊन वो बाई, तुमी बाबाले नेलं नाही?" काकू म्हणाल्या. "ते तं साऱ्या गल्लीले सांगून बसले होते, जावई न्याले आले म्हणून. जास्वंदीच्या कुंड्या बी मले देऊन टाकल्या. मंग तुमी गेल्यावर दुसऱ्या दिवशी वापस मागाले आले, बिचारे. म्या म्हटलं, न्या जी, तुमच्याच हायेत."

बायकोने काहीतरी बोलून फोन बंद केला. तव्यावरची पोळी उलटली, ती काळी झाली होती. मी पेपर खाली केला नाही.

"ही मी खाते," ती म्हणाली.

मी काय काम करतो ते सांगितलं की हे सगळं जास्तच वाईट दिसेल. मी जपानी भाषेचा दुभाषा आहे. पुण्यात आमच्यासारखे पुष्कळ आहेत. चाकणला मोटारींचे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथे जपानी तज्ज्ञ आणि आपले इंजिनिअर यांच्या मध्ये बसून मी दोघांचं एकमेकांना सांगतो. शिवाय कंपनीत नव्याने लागलेल्या मुलांसाठी एक वर्ग घेतो, जपानी माणसांशी वागावं कसं याचा. त्या वर्गात माझी एक आवडती स्लाइड आहे. तीत प्रत्येक देशापुढे त्याचे गुण लिहिलेले आहेत. जर्मन म्हणजे शिस्त, अमेरिकन म्हणजे मोकळेपणा, जपानी म्हणजे संयम आणि दुसऱ्याचा विचार, आपण म्हणजे जुळवून घेणं. किराणा दुकानातल्या बरण्यांसारखं. एका बरणीत एकच माल, आणि वर चिठ्ठी.

तेराव्यानंतर महिनाभरात असाच एक वर्ग होता. मी नेहमीप्रमाणे सांगत होतो, "जपानी पाहुण्याला चहा विचारा. तो नको म्हणेल. तुम्ही लगेच ट्रे पुढच्या माणसाकडे न्याल. नेऊ नका. पुन्हा विचारा. त्याला नको असतो असं नाही, आपल्यामुळे समोरच्याला त्रास नको म्हणून तो स्वतःला मागे ठेवतो. याला ते एन्र्यो म्हणतात. मराठीत याला शब्द नाही."

पुढच्या रांगेत वाशिमकडची एक मुलगी होती. ती म्हणाली, "सर, आहे ना. भीड. माझी आजी सेम अशीच आहे. कुणाकडे गेली की तिसऱ्यांदा बोलावल्याशिवाय पानावर बसत नाही."

वर्ग हसला. मला ते आवडलं नाही. लांबून मागवलेला माल मी मोठ्या ऐटीत काढून दाखवावा आणि गिऱ्हाइकाने म्हणावं हे तर आमच्या परसात उगवतं, तसं काहीतरी झालं.

"हो का?" मी म्हणालो. "मग पुढच्या ऑडिटला आजींनाच बोलावू या. कंपनीचा दुभाष्याचा खर्च वाचेल."

वर्ग आणखी जोरात हसला. मुलगीही हसली, मग वहीत बघायला लागली आणि वर्ग संपेपर्यंत पुन्हा बोलली नाही. याला आमच्याकडे हजरजबाबीपणा म्हणतात. तिची आजी बरोबर होती, ती मुलगी बरोबर होती, आणि पुढच्या खोलीत चष्मा पुसत बसलेला माणूस त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला होता. तरी मी पुढची स्लाइड लावली.

हिवाळ्यात बाबा पुण्याला आले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. तेही बायकोने डॉक्टरांची वेळ आणि गाडीचं तिकीट दोन्ही आधीच काढून टाकलं म्हणून. माझ्या खोलीत त्यांची गादी घातली होती. मी शिकवणी बाहेरच्या खोलीत घ्यायला लागलो आणि शिकवताना आवाज मुद्दाम थोडा चढा ठेवायचो, आतल्या माणसाला कळावं म्हणून. त्यांना कळलं. माझ्या शिकवणीच्या वेळी ते खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसू लागले, थंडीत, कानाला मफलर बांधून. बायको म्हणायची, "बाबा, घरात बसा ना." ते म्हणायचे, "खाली बरं वाटते."

त्याच दिवसांत आमच्या कारखान्याच्या जपानी सल्लागारांना मी जेवायला बोलावलं होतं. ते वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, निवृत्तीनंतर पुन्हा कामावर बोलावलेले. पुण्यात त्यांनी हॉटेलांत सगळं खाल्लं होतं, कुणाच्या घरी मात्र जेवले नव्हते. बाबा म्हणाले, पाव्हण्याले आपलं जेवण करू, भरीत आणि पुरणपोळी. वांगी आणायला आम्ही दोघं मंडईत गेलो. बाबांनी ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावलेला. एकेक वांगं उचलून ते नाकाशी नेत होते.

भाजीवाल्या बाई म्हणाल्या, "काका, वांगी जांभळीच आहेत. गॉगल काढून बघा, खात्री होईल."

"डोयाचं आपरेशन झालं जी," बाबा म्हणाले. "मले आता सारंच नवं दिसून राहिलं."

"मग नव्या डोळ्यांनी निवडा, पण आज निवडा. मागे लोक उभे आहेत."

बाबा इतके हसले की शेजारच्या गाळ्यातला माणूस वळून बघायला लागला. "पक्की बाई हाय," ते मला म्हणाले. मी घड्याळ बघत होतो.

जेवायला सल्लागार वेळेवर आले. दारातच बुटांची जोडी बाहेरच्या दिशेने वळवून ठेवली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. बाबांनी त्यांच्यापेक्षा खाली वाकून हात जोडले. सल्लागार आणखी वाकले. बाबाही. शेवटी बायको म्हणाली, "अहो, थांबवा कुणीतरी, नाहीतर दोघं जमिनीला टेकतील."

जेवताना मी दोघांच्या मध्ये बसलो. पण मध्ये बसण्याची गरज कमी होती. बाबा तुपाचं भांडं घेऊन उभे राहिले. पुरणपोळीवर धार धरली, सल्लागारांनी आडवा हात धरला. बाबा थांबले. तसेच, भांडं वाकडं धरून, घाई न करता. सल्लागारांनी हात काढला तेव्हा धार सुटली. त्यांनी मान हलवून नको नको केलं, पोळी मात्र सगळी संपवली. दुसऱ्या पोळीला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी हात आडवा आला तो नुसता रीत म्हणून, आणि दोघंही हसायला लागले. माझ्या वर्गातल्या मुलांना मी जे तासभर समजावतो, ते बाबांना कुणी शिकवलं नव्हतं. सल्लागारांनाही कुणी अमरावतीच्या रीती सांगितल्या नव्हत्या.

मग बोलणं सुरू झालं. बाबा विचारत, मी जपानीत सांगे. ते उत्तर देत, मी मराठीत सांगे.

"पाव्हण्याच्या घरी कोन कोन हाय?"

बायको आहे. मुलगी दूरच्या शहरात असते.

"पोरगी दूर देली? आपल्यासारखंच म्हना."

सल्लागारांनी विचारलं, "आपण आता इथेच, मुलीजवळ राहता ना?"

मी ते बाबांना नीट सांगितलं. बाबांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तुपाच्या भांड्याचं झाकण लावलं. "नाही जी. सोमवारी जातो. पोरीच्या घरी किती दिवस राहावं माणसानं? मले तिकडं काई कमी नाही."

मी भाषांतर केलं. सोमवारी परत जाणार आहेत, तिकडे त्यांचं सगळं ठीक आहे. सल्लागार माझ्याकडे बघतच नव्हते. ते बाबांच्या हाताकडे बघत होते, झाकणावर ठेवलेल्या. मग अगदी हळू, आदराच्या जपानीत ते मला म्हणाले, "यांना इथे राहायचं आहे. ते स्वतः म्हणणार नाहीत. तुम्ही त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं आहे का?"

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. बायको हातात भाकरी घेऊन उभी होती. "काय म्हणले जी पाव्हणे?" बाबांनी विचारलं.

मी म्हणालो, "ते म्हणतात, अमरावतीची हवा चांगली असेल."

दुभाष्याच्या कामात चुका होतात. शब्द सुचत नाही, आकडा राहून जातो, आपण माफी मागून दुरुस्त करतो. पण एका माणसाने दुसऱ्यासाठी दिलेलं वाक्य मध्येच गिळून टाकायचं आणि तिथे आपलं वाक्य ठेवायचं, हे मी नोकरीत एकदाही केलं नव्हतं. घरी, माझ्या टेबलावर, माझ्या सासऱ्यांसमोर केलं. त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा विचारायला एक परका माणूस तयार झाला होता, आणि मी त्यालाही विचारू दिलं नाही.

"हाव," बाबा म्हणाले. "हवा चांगली हाय."

सल्लागारांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. दुभाष्याने गाळलेलं वाक्याच्या लांबीवरून कळतं. मग त्यांनी ताटातलं भरीत संपवलं.

पाहुणे गेल्यावर बायकोने विचारलं, "ते आणखी काहीतरी म्हणाले ना?"

"नाही," मी म्हणालो. "एवढंच."

सोमवारी मी बाबांना स्टेशनवर सोडलं. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीतून सांगत होते, "या जी तिकडं. उन्हाळ्यात या. सुटी काढा न, याच." मी बघू म्हटलं. ते म्हणाले, "बघू नाही, याच." डबा हलला तरी हात बाहेर काढून तेच.

उन्हाळ्यात आम्ही गेलो, पण पाहुणे म्हणून नाही. बाबा न्हाणीघरात घसरून पडले. दुधाची पिशवी दाराशीच पडलेली दिसली म्हणून काकूंनी हाका मारल्या, मग माणसं गोळा करून दार तोडलं. ते किती वेळ फरशीवर होते कुणालाच माहीत नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "जास्त नाही." खुब्याचं हाड मोडलं होतं. तिथेच ऑपरेशन झालं, आणि थोडं सावरल्यावर त्यांना गाडीत आडवं घालून आम्ही पुण्याला आणलं. माझी खोली एका दुपारी रिकामी झाली. पुस्तकं बैठकीत, टेबल बाल्कनीत. इतकं सोपं होतं ते.

या वेळी त्यांना कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. बॅग हातात घेऊन, गल्लीला सांगून, जावई ऐकत नाहीत म्हणत जे घर त्यांना मिळू शकलं असतं, तिथे ते दोन माणसांनी उचलून आणलेलं सामान होऊन आले. त्यांच्या जास्वंदी कुणाकडे गेल्या मी विचारलं नाही.

आणि बाबा बदलले. चहा देऊ? बरं. आणखी भात? बरं. पडदा लावू? बरं. टीव्ही बंद करू? बरं. पोट भरलेलं असलं तरी बरं, थंडी वाजत असली तरी पंख्याला बरं. सुरुवातीला मला ते सोयीचं वाटलं. एके दिवशी बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. मी विचारलं काय झालं. ती म्हणाली, "ते नको का म्हणत नाहीत हो? आमच्या घरात कुणी पहिल्यांदा हो म्हणत नाही. बाबा तर कधीच नाही." मी म्हणालो, "औषधांमुळे असेल." हेही मी म्हणालो.

पावसाळ्याच्या शेवटी सल्लागार कायमचे मायदेशी निघाले. चाकणहून त्यांना हॉटेलवर सोडायला मी गाडीत बरोबर होतो. सासऱ्यांच्या पडण्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. नाशिक फाट्याच्या पुढे वाहनं अडकून उभी होती. मी त्यांना म्हणालो, "तुम्ही त्या दिवशी लगेच ओळखलंत. तुमच्याकडे हे लहानपणापासून शिकवतात, म्हणून तुम्हाला दिसलं." मला वाटतं, मला अजूनही माझी स्लाइड वाचवायची होती. त्यांना दिसतं, कारण ते जपानी. मला दिसलं नाही, कारण मी पुण्याचा. असं ठरलं असतं तर दोष माझा राहिला नसता, गावाचा झाला असता.

ते समोरच्या ट्रककडे बघू लागले. मग म्हणाले, "माझे वडील समुद्रकाठच्या गावात एकटे राहायचे. मी त्यांना आमच्याकडे या म्हणालो, फोनवर, एकदा. ते नको म्हणाले. मला बरं वाटलं." माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या घरी मी तुमच्या सासऱ्यांचा चेहरा ओळखला नाही. तुमचा ओळखला."

मी खिडकीची काच खाली केली आणि लगेच वर घेतली.

"मी म्हटलं ते तुम्ही त्यांना सांगितलं नाही," ते म्हणाले.

"नाही."

"ते अजून आहेत. माझे नाहीत."

त्यानंतर हॉटेलपर्यंत आम्ही हवामानाबद्दल बोललो.

ती स्लाइड मी अजून काढलेली नाही. कंपनीला ती आवडते. पण तिच्यासमोर उभं राहून बोलताना आता माझी जीभ अडखळते. दुसऱ्यावर आपला भार पडू नये म्हणून गप्प राहण्याची ताकद अमरावतीच्या निवृत्त कारकुनात असते, वाशिमच्या आजीत असते, त्या समुद्रकाठच्या म्हाताऱ्यात होती. ती ओळखून पुन्हा विचारण्याचा चांगुलपणाही सगळीकडे असतो, बाबांच्या शेजारच्या काकूंमध्ये तो होता. आणि ओळखून न विचारणारेही सगळीकडे असतात. त्यांची बरणी मी कुठल्याच देशापुढे ठेवली नव्हती. वाशिमच्या त्या मुलीने नोकरी सोडली. तिचं बरोबर होतं, हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

सल्लागार गेले त्या आठवड्यातल्या रविवारी मी बाबांची दाढी करत होतो. रविवारचं ते काम माझ्याकडे आहे. पलंगाचं डोकं वर केलेलं, गळ्याभोवती टॉवेल. बायको पायथ्याशी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. खाली तळमजल्यावरच्या क्लासची मुलं स्कूटी लावून आरडाओरडा करत होती. मी दोन्ही गालांना फेस लावला आणि बोलायला सुरुवात केली, कारण फेस लावलेला माणूस तोंड फिरवू शकत नाही. हाही भित्रेपणाच.

"बाबा, ते जपानी पाहुणे आले होते, आठवतात?"

"हाव. तूप खानारे."

"त्यांनी तेव्हा हवेबद्दल काही म्हटलं नव्हतं. ते म्हणाले होते, यांना इथे राहायचं आहे, पण ते स्वतः म्हणणार नाहीत. तुम्ही त्यांना पुन्हा विचारलं का, असं त्यांनी मला विचारलं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

बायकोच्या हातातली चादर अर्धवट घडीत थांबली. बाबा छताकडे बघत राहिले.

"साबण सुकून राहिला जी," ते म्हणाले.

मी ब्रश ओला करून पुन्हा फेस केला. एक गाल झाला. दुसऱ्यावर वस्तरा टेकवला तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या पाव्हण्याले कसं कळलं?"

"त्यांनीही त्यांच्या वडिलांना एकदाच विचारलं होतं."

"असं." बाबांनी डोळे मिटले. "मंग सारीकडं असंच हाय म्हना."

बायको म्हणाली, "तेव्हा मी विचारलं होतं तुम्हाला, आणखी काय म्हणाले म्हणून." आवाज वर नव्हता. तो वर असता तर बरं झालं असतं.

मी वस्तरा वाटीत ठेवला. बाबांचा अर्धा चेहरा फेसाचा होता, अर्धा उघडा. मी पलंगाच्या कडेला बसलो.

"बाबा, तुम्ही नको म्हणालात म्हणून मी थांबलो नाही. पुन्हा विचारलं तर तुम्ही याल म्हणून थांबलो. मला तुम्ही इथे नको होतात. तुमचं काही चुकलं नव्हतं, माझी एक खोली जात होती, एवढंच होतं. तुम्ही तिकडे एकटे पडलात ते माझ्यामुळे." मग मी बायकोकडे वळलो. "आणि तुला मी गाडीत मान ठेवायचा वगैरे सांगितलं, तेही खोटं होतं. माझं चुकलं, बाबा. मला माफ करा. तुझीही माफी मागतो."